मागे आलेले सुटे

आधीच सांगते, माझं शुद्धलेखन चांगलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. त्यानंतर पेन हातात आलं ते किराणाची यादी करायला आणि बँकेत सही करायला, तेवढंच. ऱ्हस्व-दीर्घ चुकतात. अक्षर असं की दुसऱ्या दिवशी माझं मलाच लागत नाही. मुलीच्या वहीची मागची पानं कोरी राहिली होती, त्यांत लिहिते आहे. कोणाच्या हाती लागलीच तर अक्षरासाठी माफ करावं. पुढे जे लिहिलं आहे त्यासाठी माफ करा असं म्हणायची माझी हिंमत नाही.

मी कर्जतला स्टेशनजवळच्या एका खानावळीत चपात्या लाटते. सकाळी आठला जाते, तीनला सुटते. घर चौकच्या रस्त्याला, खालापूर तालुक्यात. एसटी आहे, पण ती तिच्या वेळेला येते. म्हणून आम्ही सगळे मिनीडोअरने जातो. तीन चाकांची गाडी, मागे समोरासमोर दोन बाकडी. कागदावर सहा माणसांची, पण दहा झाल्याशिवाय स्टँड सोडत नाही. गुडघ्याला गुडघा लागतो. बायकांनी आतल्या बाजूला बसायचं, पुरुषांनी कडेला, पाट्या आणि पिशव्या मध्ये पायांत.

भाडं उतरताना घेत नाहीत. रस्ता दोन वर्षं अर्धा खणलेला आहे. एका बाजूचं काँक्रीट झालं, दुसऱ्या बाजूला खडी आणि चर. थांब्यावर सुट्यांचा घोळ घातला तर मागे गाड्यांची रांग लागते, त्यात शनिवार-रविवारी मुंबईहून फार्महाऊसला येणाऱ्यांच्या मोठ्या गाड्या. म्हणून कर्जतबाहेरचा चारफाटा ओलांडला की ड्रायव्हर मान न वळवता म्हणतो, "सुटे येऊ द्या पुढं." मग नोटा हातोहात पुढे जातात. ड्रायव्हरच्या पाठीमागे एक छोटी खिडकी असते, तिच्याजवळ जो बसतो तो त्या दिवसापुरता कंडक्टर. "एक फाटा, पन्नास दिलेत," असं तो आत सांगतो. थोड्या वेळाने उरलेले पैसे त्याच वाटेने मागे येतात, ह्याच्याकडून त्याच्याकडे, त्याच्याकडून तिच्याकडे. चालत्या गाडीत कोणी मोजत बसत नाही. लोकांसमोर मोजणं म्हणजे शेजारच्यावर संशय घेणं, असं आमच्याकडे वाटतं. मीही आलेले पैसे मुठीत धरते आणि घरी जाऊन बघते.

मी लाजरी आहे. लहानपणी त्याचं कौतुक व्हायचं, आता होत नाही. माझा थांबा आला की "थांबवा" म्हणायला तोंड उघडत नाही. दुसरं कोणी उतरतंय का बघत राहते. कितीदा तरी पुढच्या थांब्यावर उतरून बांधावरून मागे आले आहे. सासूबाईंनी एकदा विचारलं, "तू रोज त्या अंगानं कशी येतेस गं?" मी म्हटलं, चालायला बरं वाटतं.

तो शनिवार होता, कर्टुली बाजारात आलेली होती. माझ्यासमोर वाडीवरची एक आजी बसली होती. डोंगराच्या पायथ्याला ठाकर आदिवासींची वाडी आहे, तिथून ती रानभाजी घेऊन कर्जतला यायची. पावसात कर्टुली, भारंगी, शेवळं, थंडीत वालाच्या शेंगा. तोंडओळख होती, एवढंच. त्या दिवशी तिची पाटी रिकामी होती आणि ती खुशीत होती.

"आज येकाच गाडीवाल्यानं समदी उचलली," ती मला म्हणाली. "पाचशाची नोट दिली न् म्हन्ला, ऱ्हाऊ दे."

"बरं झालं की," मी म्हटलं.

"चपला घेते आता सोमवारी. ह्या खडीनं पाय फाटले बग."

तिने पाय पुढे केले. टाचा खरंच फुटल्या होत्या.

चारफाट्यानंतर पैसे पुढे गेले. तिची पाचशेची नोट, वाडीच्या फाट्यापर्यंतचे वीस रुपये वळते करायचे. माझी पन्नासची, गावापर्यंतचे तीस. खिडकीशी कानात वायर घातलेली कॉलेजची मुलगी होती. ड्रायव्हर आत कुरकुरला, "पाचशे? मी काय बँक हाय का?" तरी थोड्या वेळाने घडी केलेल्या नोटा मागे आल्या. त्या मुलीने खालची मान वर न करता हात लांब केला आणि म्हणाली, "मागचे." मधल्या बाईने त्या न बघताच मला दिल्या आणि पुढच्याच थांब्यावर ती उतरली. मी मूठ मिटली आणि हात पदराखाली घेतला. वीसची एक नोट आहे असंच धरून चालले.

फाटा आला. आजीने पत्र्यावर हात मारला, गाडी थांबली. ती पाटी घेऊन उतरली आणि पुढे ड्रायव्हरच्या बाजूला गेली.

"माजं सुटं?"

"दिलं ना मावशे मागं. चारशेऐंशी."

"मला नाय आलं."

"अगं मुलीच्या हातात दिलं. काय गं, दिलं ना मागं?"

मुलीने कानातली वायर काढली, म्हणाली, "दिले मी."

"मला नाय आलं, बाबा. देवाशपथ."

तेव्हा माझ्या मुठीत काय आहे ते मला कळलं. वीसची एक नोट एवढी जाड नसते. बोटांनी कडा चाचपल्या, पाच-सहा तरी होत्या. मी बोलले असते तर तिथेच संपलं असतं. "इकडे आलेत चुकून," एवढे तीन शब्द. पण मला वाटलं, आता बोलले तर म्हणतील, इतका वेळ गप्प का बसलीस. आणि जितका वेळ जात होता तितकं ते खरं होत होतं.

मागे हॉर्न सुरू झाले. एकच बाजू चालू, पलीकडे चर, आमच्या मागे पाच-सहा गाड्या. एका गाडीवाल्याने काच खाली करून शिवी दिली.

"कमरंला बघ, म्हातारे, खोचले असशील," कडेला बसलेला माणूस म्हणाला.

"नाय रं, ही बग कंबर." तिने सगळ्यांसमोर कनवटीची गाठ सोडून दाखवली. त्यात तंबाखूची पुडी आणि चिल्लर होती.

"पाचशेची नोट होती तरी का हिच्याकडं?" दुसरा म्हणाला.

"सकाळच्यालाच टाकून आली असंल," पहिला म्हणाला, आणि दोन-तीन जण हसले.

ती दारू पीत नव्हती. तिच्या अंगाला फक्त भारंगीच्या पाल्याचा वास येत होता, मी समोरच बसले होते. नोट होती हेही मला माहीत होतं, तिने मलाच सांगितलं होतं. ती बाहेरून गाडीत माझ्याकडे बघून म्हणाली, "ह्या बायला सांगितलं की मी. सांग गं."

मी खाली बघितलं. माझ्या तोंडून तिलाच ऐकू जाईल इतकं बारीक निघालं, "मला नाही ऐकू आलं नीट."

हे मी लिहिते आहे कारण हे मी कोणाला सांगितलेलं नाही. पैसे चुकून आले असं सगळ्यांना सांगून झालं. हे वाक्य मात्र मी म्हटलं होतं, हे आजपर्यंत फक्त तिला आणि मला माहीत आहे.

ड्रायव्हरने गिअर टाकला. ती चराच्या कडेला उभी राहिली, पाटी हातात घेऊन, आणि मागच्या गाड्या एकेक करून तिच्याजवळून गेल्या.

घरी मोरीत जाऊन मोजले. चार शंभराच्या, एक पन्नासची, एक वीसची, एक दहाची. माझे वीस आलेच नव्हते. त्या गोंधळात ड्रायव्हर विसरला आणि मी मागणार तर नव्हतेच. पैसे पोह्यांच्या डब्यात ठेवले. ठरवलं, सोमवारी ती दिसली की बाजूला घेऊन द्यायचे.

सोमवारी ती मिनीडोअरला नव्हती. मंगळवारीही नाही. बुधवारी स्टँडवर गेले तर वाडीवरच्या दोघी बायका गाडीत चढत होत्या आणि ड्रायव्हर त्यांना म्हणत होता, "आधी सुटे दाखवा, मग बसा." बाकी कोणाला नाही, फक्त त्यांना. माझ्याकडून त्याने काहीच मागितलं नाही. "या वहिनी, आत बसा," म्हणाला.

आणि त्याच दिवशी परत येताना मला ती दिसली. ती चालत होती. डोक्यावर पाटी, खडीच्या बाजूने, कर्जतपासून वाडीच्या फाट्यापर्यंत दीड तासाची चाल, अनवाणी. डंपर जवळून गेला की ती चराकडे वळून उभी राहायची आणि धूळ बसली की पुढे निघायची. आमची गाडी तिला वळसा घालून पुढे गेली. ड्रायव्हरने हॉर्न दिला.

"म्हातारी रुसली," तो म्हणाला. "बसत नाय कोणाच्याच गाडीत."

"बसवतंय कोण," कोणीतरी म्हणालं.

त्यानंतर रोज. कधी चारफाट्याच्या पुढे, कधी पुलावर. कोणत्या दिवशी ती कुठे असेल याचा मला अंदाज यायला लागला. ती जवळ आली की मी पिशवीत काहीतरी शोधायला लागायचे. मी उतरू शकले असते. एक दिवस पैसे पदरात बांधूनही नेले. तिच्याजवळ गाडी हळू झाली, समोरून ट्रक येत होता म्हणून, अगदी हाताच्या अंतरावर ती होती. मी थांबवा म्हटलं नाही.

मग पैसेही गेले. नवरा एका फार्महाऊसवर वॉचमन आहे, मोटारसायकलने जातो. टायर फुटला. पोहे काढायला डबा उघडला तेव्हा त्याला ते सापडले.

"हे कुठले गं?"

"साठवलेले," मी म्हटलं.

"बरं झालं." त्याने तीनशे घेतले. मी एकशेऐंशी परत डब्यात ठेवले.

गौरी-गणपती झाले. एक दिवस खानावळीतून लवकर सुटले आणि बाजारात गेले. ती स्टेशनच्या रस्त्याच्या कडेला बसली होती, रिक्षांच्या रांगेकडे पाठ करून. भारंगीच्या जुड्या होत्या. मी एक घेतली, पन्नासची नोट दिली आणि वळून चालायला लागले. म्हटलं, असंच करत जाऊ. दरवेळी थोडं थोडं सोडत जाऊ, म्हणजे तिला न कळता फिटेल. तेव्हा मला ही युक्ती फार चांगली वाटली होती.

मागून हाक आली. "ए बाय. ए पोळीवाली बाय."

मी चाल वाढवली. ती पाटी तिथेच टाकून माझ्यामागे रस्त्यात आली. लोकल आली होती, रिक्षा सुटायला लागल्या होत्या, एकाने करकचून ब्रेक मारला आणि तिच्यावर ओरडला, "मरायचंय का म्हातारे?" ती त्याच्याकडे न बघता मला गाठून उभी राहिली. तिला धाप लागली होती.

"तुजं सुटं ऱ्हायलं ना. चाळीस." आणि तिने माझा हात धरून त्यात नोटा ठेवल्या.

मला तिथेच रडू आलं. रस्त्यात, लोकांत. रिक्षावाले बघत होते. ती म्हणाली, "काय झालं गं? बस हितं." आम्ही तिच्या पाटीजवळ बसलो आणि मी तिला सांगितलं. सगळं एकदम नाही सांगता आलं. पैसे माझ्याकडे आले होते, असं आधी सांगितलं. मग तीनशे खर्च झाले ते सांगितलं. डब्यातले एकशेऐंशी मी हल्ली पदरातच बांधून फिरत होते, ते तिच्यापुढे ठेवले.

एका माणसाने जुडी कितीला विचारली, तिने "धा" म्हटलं, त्याला दिली, पैसे घेतले.

"मी तुला ईचारलं व्हतं," मग ती म्हणाली. "समद्यांसमोर."

"हो."

"मंग?"

"लाज वाटली."

"तुला लाज वाटली." ती माझ्याकडे बघत होती. "न् मी कंबर सोडून दाखवली तवा मला काय वाटलं असंल?"

तिने एकशेऐंशी मोजून घेतले, एकेक नोट जमिनीवर ठेवून. मी दिलेले तिने घेतले म्हणून मला हलकं वाटायला लागलं होतं, तेवढ्यात ती म्हणाली, "बाकीचे दे सावकाश. पन त्या गाडीवाल्यांना सांग. मला आता डोईवर पाटी घेऊन चालवत नाय. न् आमच्या पोरींना सुटं दाखवायला लावतात. ते तुज्यामुळं."

मी हो म्हटलं. त्या दिवशी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. स्टँडवर जायचे आणि तशीच गाडीत बसायचे. ती पुलाजवळ चालताना दिसायची. आता ती गाडीकडे बघायची, मी आहे का ते. तिसऱ्या दिवशी तिने हात केला नाही, काही नाही, नुसतं उभं राहून बघितलं. त्यानंतर मला त्या बाकड्यावर बसवेना.

चौथ्या दिवशी स्टँडवर गेले तेव्हा तीन गाड्या रांगेत होत्या. ड्रायव्हर पहिल्या गाडीला टेकून चहा पीत होते. आमचा तो ड्रायव्हर पण त्यांत होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"बसा वहिनी, सुटतेच आता."

"त्या आजींचे पैसे माझ्याकडे आले होते," मी म्हटलं.

"कोणत्या आजी?"

"वाडीवरच्या. पाचशेची नोट. सुटे माझ्या हातात आले. मी गप्प बसले."

आवाज इतका बारीक निघाला की त्याने "काय?" म्हटलं, आणि मला ते सगळं पुन्हा म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा सगळ्यांनी ऐकलं.

त्याने कप खाली ठेवला. "म्हणजे म्हातारी खरं बोलत होती."

"हो."

"आणि तुमी समोर बसून बघत होता."

"हो."

"मी तिला आईबहिणीवरनं शिव्या द्यायच्या तेवढ्याच बाकी ठेवल्या होत्या, वहिनी."

दुसरा ड्रायव्हर हसला. "बोलता येतं की हिला. मला वाटायचं मुकी हाय." तिसरा म्हणाला, "चोर घरातलाच निघाला." मी उभी राहिले. पळून जावंसं वाटत होतं, पण घरी जायला गाडी तीच होती. आत जाऊन कोपऱ्यात बसले. कॉलेजची ती मुलगी आधीच बसलेली होती. तिने आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली.

पुलाच्या अलीकडे आजी चालत होती. ड्रायव्हरने गाडी कडेला घेतली, मागे हॉर्न वाजले तरी. खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाला, "बस मावशे."

"सुटं नाय," ती म्हणाली.

"राहू दे गं. बस ना."

"फुकट नाय बसत." ती चालत राहिली. गाडी तिच्याबरोबर पाच-दहा पावलं हळूहळू गेली, मग त्याने नाद सोडला. दुसऱ्या दिवशी मात्र ती स्टँडवरून चढली, वीसची नोट आधीच हातात धरून. वाडीच्या बायकांना सुटे दाखवायला सांगणं त्या आठवड्यात बंद झालं. ते कोणी सांगून बंद केलं की आपोआप, मला माहीत नाही.

माझं मात्र सुरू झालं. पैसे मागे यायला लागले की ड्रायव्हर खिडकीतून म्हणायचा, "वहिनींच्या हातात देऊ नका रं, गावाला पोचतील." लोक हसायचे. काहींना गोष्ट माहीत नव्हती, त्यांना शेजारचे सांगायचे, माझ्यासमोरच. एकदा एका बाईने खरंच नोट माझ्या डोक्यावरून पलीकडे दिली. नवऱ्यालाही नाक्यावर कळलं. घरी येऊन म्हणाला, "माझ्या टायरात म्हातारीचे पैसे घातलेस व्हय?" दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी शंभर रुपये काढून दिले. मी घेतले नाहीत. त्याने काही केलेलं नव्हतं.

तीनशे रुपये मी चालून फेडले. सकाळी उशीर करता येत नाही, पण परत येताना वेळ असतो. कर्जतहून वाडीच्या फाट्यापर्यंत चालायचं आणि तिथून पुढे गावाला गाडी पकडायची. वीस रुपये वाचतात. त्या रस्त्यावर चालून बघितल्याशिवाय कळत नाही तो कसा आहे. खडीच्या बाजूला चालावं तर चप्पल सरकते, काँक्रीटवर चालावं तर मागून गाडी येऊन थेट कानात वाजवते. डंपर गेला की दातांत धूळ येते. पुलाला कठडा एका बाजूला आहे, दुसऱ्या बाजूला नुसती पांढरी पट्टी. माझ्या पायात चपला होत्या आणि डोक्यावर काही नव्हतं, तरी तिसऱ्या दिवशी पाय भरून आले. ती आठवडेच्या आठवडे चालली होती.

रोज नाही जमायचं, कधी आठवड्यातून दोनदा-तीनदा, कधी महिनाभर एकदाही नाही. वीस रुपये जमले की दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन तिला द्यायचे. ती घ्यायची, "किती झालं?" विचारायची, मी आकडा सांगायचे. ती लक्षात ठेवायची, माझ्यावर सोडायची नाही. एकदा मी दोनशे साठ म्हटलं तर म्हणाली, "नाय, दोनशे चाळीस. परवा आली नव्हतीस तू." तिचं बरोबर होतं. आम्ही दुसरं फार बोललो नाही. एकदा तिने शेंगा दिल्या, वालाच्या, ओंजळभर. मी पैसे काढले तर म्हणाली, "त्यात घोळ करू नको. हे येगळं." चपला तिने तोवर घेतल्या होत्या, निळ्या रबराच्या.

संक्रांत होऊन गेली होती तेव्हा शेवटचे वीस घेऊन गेले. बाजार मोडत आला होता. तिने नोट घेतली आणि उठायच्या ऐवजी बसूनच म्हणाली, "मोज, पैल्यापास्नं." मी बोटांवर मोजलं. आधी एकशेऐंशी, मग वीस-वीस पंधरा वेळा. ती ओठ हलवत माझ्याबरोबर मोजत होती. शेजारची भाजीवाली थांबून ऐकत होती, आणि मी आवाज बारीक केला नाही.

"चारशेऐंशी," मी म्हटलं.

"चारशेऐंशी," ती म्हणाली. तिने नोट कनवटीला बांधली, पाटी डोक्यावर घेतली आणि स्टँडकडे निघाली. "फिटलं गं समदं."